चुकलेल्याला बसवणारं दार

दुपार पेंगुळली होती. मांजरसुंब्याच्या थांब्यावर कावेरीनं दोन एसट्या तशाच जाऊ दिल्या. शेजारच्या बाकावर लॅपटॉप उघडलेली एक पोरगी वडिलांशी बोलत होती.

"अप्पा, आमच्या वेबसाइटच्या आत कामाच्या खोल्या लई. त्यांना कंटेनर म्हणतात. जुन्या पडतात, नव्या उभ्या राहतात, पत्ते बदलतात. बाहेर दार मात्र एकच, रिव्हर्स प्रॉक्सी. आलेल्याला कुठं धाडायचं, ते दार ठरवतं."

"म्हंजी मीच की! तीस वर्षं कचेरीच्या दारात शिपाई होतो."

"आन् ज्याचा रस्ता लिहिलेलाच न्हाई, त्याला 'सापडलं न्हाई' म्हणून माघारी लावायचं."

"कावून? मी न्हाई कुणाला लावलं. आधी बसवायचो."

पोरीची बोटं थांबली.

"ताई," अप्पांनी पाण्याची बाटली कावेरीपुढं धरली, "तुमची गाडी कंची?"

"ठरलं न्हाई अजून."

"मग बसा."