सी भरलाय, डी रिकामाय

...नाही, तुम्हीच सांगा, कॉलर उलटवायच्या क्षणाला जागा संपावी? तासभर मी त्या लॅपटॉपसमोर कापड बेतलं, कापलं, कॅनव्हास चिकटवला, शिलाई मारली, आणि वर तोंडाची अखंड टकळी चालू, "बघा हं, टोकाशी टाके बारीक घ्यायचे"... तोवर होती ना जागा? आणि कॉलरचं टोक बाहेर काढायला सुई उचलली तर पडद्यावर पाटी! डिस्क भरली, रेकॉर्डिंग बंद! अहो, भरली कशी? सकाळीच आमच्या ह्यांनी ऑफिसला जाताना बूट घालता घालता मला सांगितलं होतं, "सी भरलाय, पण डी रिकामाय. तू बिनधास्त शिव!"

तुम्हाला सांगते, मी शिवणकाम करते. म्हणजे इतकी वर्षं काय केलं, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पँटी खालून दुमडून दिल्या आणि बिघडलेल्या चेनी बदलल्या. आता कुठे एका ऑनलाइन शिवणवर्गाने शिक्षिका म्हणून विचारलंय. अट काय, तर शर्टाची कॉलर बेतण्यापासून उलटवण्यापर्यंत एका दमात दाखवायची, व्हिडिओ मधेच कुठे तोडायचा नाही, आणि आज संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा. नाहीतर दुसरी बाई घेणार. ती दुसरी बाई कोण, देव जाणे, पण दिवसभर ती माझ्या डोळ्यांसमोर बसून फिदीफिदी हसत होती!

आता हा सी आणि डी काय प्रकार? तर लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानवाल्याने आतल्या एकाच डिस्कची वाटणी करून दिली. "ताई, एका घरात दोन खोल्या केल्यात बघा. सीमध्ये लॅपटॉपचा स्वतःचा संसार, डीमध्ये तुमचं सामान. सरमिसळ करायची नाही." मला एवढं कळलं. रेकॉर्डिंगही आपोआप सीमध्येच साठतं, ते मात्र आज कळलं. ह्यांना जास्त कळलं. ह्यांना सगळ्याच यंत्रांतलं जास्त कळतं, म्हणून तर आमचा मिक्सर वर्षभर एका पिशवीत सुटा सुटा पडलाय.

लावला ह्यांना ऑफिसात फोन. "अहो, तुमचं सामान काढा ना त्या सीमधून!"

"अगं, दर रविवारी मी सगळं डीमध्ये हलवतो."

"मग सी भरतो कसा?"

"तो आतून फुगतो."

"फुगतो म्हणजे? डाळ आहे का ती भिजत घातलेली?"

"तुला नाही कळायचं. मीटिंगमध्ये आहे." ...ठेवला फोन!

म्हटलं, आपणच साफ करू. आणि सामान तरी काय हो! गच्चीवरची टाकी गळते त्याचे फोटो. डावीकडून, उजवीकडून, खालून, एकात तर नुसता ह्यांचा अंगठा! रोज सकाळी येणारी सुप्रभाताची फुलं. ऑफिसात कोण कोण निवृत्त झालं, त्या प्रत्येकाचं भाषण. लागले पुसायला. पुसतेय, पुसतेय... आणि सी भरल्याची ती लाल रेघ जागची हलेना! का? तर पुसलेलं सगळं कचऱ्याच्या टोपलीत, आणि टोपलीसुद्धा सीमध्येच! परत फोन केला तर हे किंचाळले, "टोपली रिकामी करू नकोस! लागेल कधीतरी!"

लागेल कधीतरी. हे ह्यांचं ब्रीदवाक्य आहे, लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

म्हटलं, निभेल कसंबसं, आणि उरलेल्या कापडावर परत सुरुवात केली. ह्या वेळी तर शिलाईपर्यंतही पोचले नाही. डिस्क भरली! कापड संपलं, वेळ चालला, रात्र थोडी सोंगं फार, आणि मी मशीनवर डोकं टेकून चक्क रडले हो. सासूबाई खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "एवढं काय त्यात? सी भरलाय, डी रिकामाय, तर मधली भिंत पाडा की!"

मी रडता रडता हसले आणि दुकानवाल्याला फोन लावून ह्यांच्या रविवारच्या हलवाहलवीसकट सगळं सांगितलं. तो म्हणतो कसा, "आजींचं बरोबर आहे! पाडता येते भिंत. लॅपटॉप आणून टाका, दोन दिवसांत देतो."

"अरे बाबा, पाचला ती दुसरी बाई येतेय!"

"कोण बाई? ...बरं, डी उघडा. काय दिसतं?"

काही नाही. रिकामा म्हणजे किती रिकामा असावा? भाडेकरू गेलेल्या खोलीत निदान भिंतीला खिळे तरी असतात!

"मग ताई, साहेब रविवारी हलवतात ते जातं कुठे? ...समोरच्या पडद्यावर डी नावाचं काही आहे का?"

होतं. पिवळा फोल्डर, नाव 'डी'. त्याच्या शेजारी 'डी नवीन'. त्याच्या शेजारी 'डी नवीन खरा'.

पलीकडे आधी खोकल्याचा आवाज, मग तो जो हसत सुटला! "ताई, हा समोरचा पडदा सीमध्येच मोडतो. साहेबांनी सीच्याच खोलीत खोकी ठेवून त्यांवर डी लिहिलंय!" आणि हलवलंय तरी कुठे? हरवलं तर काय करा म्हणून नुसत्या प्रती काढल्यात! 'डी नवीन'मध्ये अख्खा 'डी', 'डी नवीन खरा'मध्ये ते दोन्ही. आमची एक टाकी सतरा ठिकाणी गळत होती!

आपलेच दात आपलेच ओठ, करता काय! दुकानवाल्याने सांगितलं तसा तो शेवटचा 'खरा' उचलून खऱ्याखुऱ्या डीमध्ये टाकला, बाकीची खोकी पुसली, आणि डोळे मिटून टोपली उलटी केली. लाल रेघ निळी झाली! मी सासूबाईंना मिठी मारली.

आणि मग आठवलं... कापड कुठाय?

तुम्हाला सांगते, आमच्या कपाटालाही दोनच कप्पे आहेत. माझ्यात चार कपडे, आणि ह्यांचा? दार लावायला गुडघा लावावा लागतो! पोटावर बटण न लागणारे शर्टच शर्ट. का ठेवलेत? "लागेल कधीतरी!" म्हटलं, लागले की हो आज! पहिला शर्ट घाईत वाकडा कापला, गेला. दुसरा काढणार तोच सासूबाई म्हणाल्या, "तो नको, ती निळी पट्टी घे. व्हिडिओत उठून दिसेल." पोटच्या पोराचा शर्ट हो! निळ्या पट्टीची अख्खी पाठ कापली, एका दमात कॉलर शिवली, उलटवली, टोकं अशी निघाली, अशी! पाच वाजायच्या आत व्हिडिओ गेला आणि तासाभरात उत्तर आलं, सोमवारपासून वर्ग घ्या!

हे घरी आले. खूश झाले हो, खोटं कशाला बोलू. दोनदा व्हिडिओ बघितला. "वा! काय कॉलर आहे! आणि कापड तर... असाच माझा एक..." उठले, कपाटाकडे गेले. आतून बारीक आवाज आला, "अगं, माझ्या कप्प्यात एवढी जागा कशी?"

"सी भरला होता ना," मी म्हटलं, "थोडं डीमध्ये हलवलं."

सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. हे बाहेर आले. वाटलं, आता भांडतील. पण नाही... जाऊन लॅपटॉपपाशी बसले. "तुझा व्हिडिओ जपून ठेवतो," म्हणाले, "हरवायला नको." माझे तर डोळेच भरून आले. जवळ जाऊन बघते तर पडद्यावर नवा पिवळा फोल्डर, आणि हे एका बोटाने त्याचं नाव टाइप करतायत... 'डी अगदी खरा'.

म्हटलं, ठेवा खुशाल! कपाटात अजून सहा शर्ट आहेत.