जोडीची सूट

सेक्रेटरीबाई : स्पर्धेला पुन्हा जोडीतच नाव? अहो डॉक्टर, वहिनी गावात तरी आहेत का?

डॉक्टर : नियमात बसतं. जोडीतलं एक माणूस नसलं तरी दुसऱ्याला खेळता येतं. मागच्या वर्षी तुम्हीच सांगितलंत.

सेक्रेटरीबाई : सांगितलं आणि जीभ चावली. एकेरीत खेळा ना! तुमचा हँडिकॅप वीस. एकेरीत वीसच्या वीस फटक्यांची सूट मिळते. जोडीत कापून सतरा. तीन फटके फुकट घालवता.

डॉक्टर : जोडीत कापतात कशासाठी?

सेक्रेटरीबाई : तीस वर्षं गोल्फ खेळताय आणि मला विचारता? प्रत्येक होलला दोघांपैकी ज्याचा खेळ बरा, त्याचाच धरायचा. तुमचा चेंडू तळ्यात गेला, तर वहिनी सावरून घेणार. सावरणारं माणूस सोबत आहे, म्हणून सूट कमी. नाहीतर इतरांवर अन्याय.

डॉक्टर : बरोबर आहे.

सेक्रेटरीबाई : कसलं बरोबर! तुमचा चेंडू तळ्यात गेला की गेलाच. अन्याय तुमच्यावरच होतोय. मागच्या खेपेला दोन फटक्यांनी चषक हुकला.

डॉक्टर : चषक ठेवू कुठे? कपाटात तिची लोकर आहे. हलवायची नाही, असं बजावून गेलीय.

सेक्रेटरीबाई : वहिनींच्या आईंची तब्येत तशीच?

डॉक्टर : तशीच. सासूबाई दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. ही येते म्हणते. कधी, ते म्हणत नाही.

सेक्रेटरीबाई : आणि तुम्ही विचारत नाही.

डॉक्टर : विचारलं तर घाई केल्यासारखं होतं.

सेक्रेटरीबाई : धन्य! जन्मभर लोकांना ‘आ करा’ म्हणालात, आणि स्वतःचं तोंड काही उघडत नाही.

डॉक्टर : परवा फोनवर तिनंच विचारलं, स्पर्धा कधी आहे.

सेक्रेटरीबाई : मग?

डॉक्टर : म्हटलं, रविवारी. ‘बरं’ म्हणाली.

सेक्रेटरीबाई : नुसतं ‘बरं’?

डॉक्टर : जरा लांबवून म्हणाली.

सेक्रेटरीबाई : (चष्मा काढून पदराने पुसत) कमिटीतले हसतात हो तुम्हाला. म्हणतात, दातांच्या डॉक्टरला साधी वजाबाकी येत नाही.

डॉक्टर : येते की. सोबत माणूस आहे म्हणून तीन कापतात. ते तीन मी परत मागितले, तर सोबत माणूस नाही असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. कापा, बाई.

सेक्रेटरीबाई : ...बरं. लिहिलं. जोडी. तुम्हाला सतरा.

डॉक्टर : तिचं नाव आधी घाला. आणि समजा, ती मध्येच आली तर?

सेक्रेटरीबाई : होल चालू असताना नाही. तो संपला की पुढच्यापासून खेळू शकतात.

डॉक्टर : फाटकातून आत आल्यावर सगळ्यात जवळचा कुठला?

सेक्रेटरीबाई : सातवा.

डॉक्टर : मग सहावा संपला की मी जरा रेंगाळेन.

सेक्रेटरीबाई : मागचे बोंब मारतील.

डॉक्टर : त्यांना सांगा, म्हातारा बुटाची नाडी बांधतोय.