सलोमीची पेटी

आरं न्हाई म्हणलं ना तुला, रूबेन! लाकूड असतं तर तुझ्या आईच्या पेटीला म्या न्हाई म्हणलो असतो व्हय? राहीवैनी सकाळी गेल्या आन् नेमकी आज नागपंचमी — आष्ट्यातल्या वखारी सगळ्या बंद, आमचा वखारवाला पोरंबाळं घिऊन शिराळ्याला नागाच्या जत्रंला गेलाय. आपल्या चर्चमधली कुणाचीबी मयताची पेटी असू दे, ह्याच हातानं झालीया. आज मातर हात रिकामं हायेत बघ.

काय? कोपऱ्यातली? ताडपत्रीखालची? — ती सोडून बोल. ती धान्याची हाय. — असा काय बघतोस? बरं, न्हाई धान्याची. तुझ्या सलोमीकाकूलाबी म्या हेच सांगितलं हुतं. तर खाटंवरनं म्हणती कशी, "आवं, धान्याच्या पेटीला माझ्या उंचीचं माप कशाला घेतलं, मी झोपल्यावर?" झोपलीच नव्हती बया! म्या आपला सुतळी घिऊन चोरावानी उभा.

हळू बोल, भिंतीपल्याड हाय ती. काकू आजारी हाय एवढं तुमास्नी म्हाईत. पर मिरजेच्या डॉक्टरांनी "घरी न्या आता" म्हणून सांगितलं, ते म्या कुणाला बोललो न्हाई. व्हय रं, आपल्यात पेटी आधी करून ठेवत न्हाईत, मलाबी कळतंय. पाळकसाहेब प्रार्थनेला आले, त्यांनी ताडपत्री उचलून बघितली — म्हणले, शांतवनदादा, ह्यो अविश्वास झाला, आमी बरं होण्यासाठी मागतोय आन् तुमी हे करताय! माझी तर मान खाली गेली. तर हीच म्हणली, "साहेब, प्रार्थना तुमी करा, रंधा त्यास्नी मारू द्या. देवाला दोन्ही कळतंय. मी गेल्यावर ह्यांचं हात कापणार, मग फळी सरळ कोण कापंल?" साहेबांनी ताडपत्री परत झाकली. लय शहाणी हाय रं माझी सलोमी. तिला वाटतं म्या बी तेवढाच शहाणा हाय. म्या न्हाई. म्या रोज रंधा मारतो आन् रोज म्हणतो, प्रभू, ही पेटी बिनकामाची माझ्या गळ्यात पडून राहू दे, हिच्यात खरंच ज्वारी भरायची येळ आण.

आतनं बघितलीस? पांढरं अस्तर हाय. लग्नातली साडी फाडली तिनं. सुई धरवत न्हाई, तरी टाके तिनंच घातलं, मला दोरा सुद्धा ववू दिला न्हाई. आता तूच सांग, ती दुसऱ्याला कशी देऊ? राग येतोय मला, रूबेन. कुणावर? तुझ्या आईवर! आजच जायचं हुतं का त्यांनी? — रडू नगंस रं. चुकलं माझं. बस. भाईर टेंपोत तुझा मामा बसलाय त्येला सांग, सांगलीला पेटीसाठी कुणाला तरी फोन—

थांब. भिंतीवर तिची काठी वाजली. आलो गं, आलो!

…ऐकलंय तिनं सगळं. म्हणती, द्या ती पेटी. राही उघड्या फळीवर जायची का, आन् मी हितं पेटी राखत बसू? म्या म्हणलं, अस्तर तरी काढून घेतो. तर भडकली माझ्यावर, एवढ्या दुखण्यात. म्हणली, "ती साडी मला राहीनं नेसवली हुती लग्नात. माझी आई नव्हती, तवा निऱ्या तिनंच घातल्या. अस्तरासकट द्या."

आन् मग म्हणली, "तुमी नवी करा की. तवर मी कुठं जाती?"

माझ्या तोंडाकडं बघू नगंस. तिकडनं धर. ह्या बारीला लाकूड ओलं घेणार हाय म्या, अगदी ओलं. वाळल्याबिगर कापणार न्हाई. ओल्या लाकडाला लय दिस लागत्यात, रूबेन, लय दिस. — उंबरा हाय, सांभाळून. जा आता. जा म्हणलं ना.