मुशीला हाड नसतं म्हणे!

...नसतं हो, मान्य आहे! अख्खी हयात या सेयबाप्लाया गावच्या किनाऱ्यावर मुशी, म्हणजे हे शार्क मासे, मारण्यात गेली, मला शिकवता? नाकापासून शेपटीपर्यंत नुसती कूर्चा, आपल्या कानात असते तसली, वाकणारी. पण म्हणून ती उकळून प्यायली की माझ्या गुडघ्यात जाऊन बसते, हे कुणी ठरवलं? आमच्या एर्मेलिंदानं! बायको माझी. "पी रे मुकाट्यानं! मुशीचे कधी गुडघे दुखलेत का?" अगं, तिला गुडघे आहेत कुठे! पण बोलायची सोय नाही. मुशीला हाड नसतं म्हणे!

प्यालो. नाक दाबून प्यालो. कारण गुडघा गेला की सगळं गेलं, तुम्हाला सांगतो. आमच्याकडे होडी किनाऱ्याला लागली की कमरेएवढ्या पाण्यात उडी टाकायची नि खांदा लावून ती वर ढकलायची. खांदा लावेल त्याला वाटा. बसून राहील तो पाहुणा! आणि मी उडी टाकली की गुडघा असा कट्कन वाजायचा की आमचा जावई फेर्मिन वळून बघायचा. होडी मीच दिलीय त्याला. "राहू द्या बाबा, आम्ही ढकलतो." गोड बोलतो हो, फार गोड!

शेवटी काम्पेचे शहरात जाऊन डॉक्टर गाठला. पोरगेलासाच. गुडघ्याचा फोटो उजेडात धरून म्हणतो, "आजोबा, हाडावर हाड घासतंय. मधली कूर्चा संपली." म्हटलं, "संपेल कशी? पातेली रिचवलीत!" तर म्हणे, "ती पोटात जाते नि पोटातच जिरते. माणसाची एकदा झिजली की धड परत येत नाही." वर माझ्याकडे बघून हसतो मेला, "कान मात्र म्हातारपणी लांबतात." घ्या! हवी तिथं संपली, नको तिथं लोंबतेय! मुशीला हाड नसतं म्हणे...

परवा सकाळी वाळूवर गेलो, तर होडीत माझ्या जागी फेर्मिनचा भाऊ. दुपारी होडी आली, सगळ्यांनी खांदे लावले, मी काठावर उभा. वाटे पडले. मांस ज्याचं त्याला. आणि फेर्मिननं माझ्या हातात ठेवला मुशीचा कणा, आम्ही कुत्र्यांना टाकतो तो. "बाबा, तुमच्या गुडघ्यासाठी."

घेतला. एर्मेलिंदानं उकळला. मी पीत होतो, तर विचारते, "बरं वाटतंय का रे गुडघ्याला?"

म्हटलं, "गुडघ्याचं सोड गं... मीठ घाल जरा, आजचं जेवण हेच आहे."