अठरा इंची भेट

बुरुल: तळलेल्या बोरसोकची पिशवी मागच्या गाडीत टाका. पुढे ठेवली तर घाट यायच्या आत संपेल.

कालमुरात: माझी पांढरी फीत कुणी कापली?

नुरीपा: आपा, तो पाना सीटवरून उचला आधी, मग बसा.

बुरुल: मेंढा बांधला का? नुसता ओरडतोय.

कालमुरात: कोचकोरहून दोनदा फोन आला. नवरी तयार होऊन बसलीय, म्हणतात.

नुरीपा: शेवटचा नट. झालं.

कालमुरात: कसला नट? थांब. नुरीपा, ही कुठली चाकं?

नुरीपा: गाडीबरोबर आली होती तीच. चौदा इंची.

कालमुरात: आणि मी दिलेली अठराची?

नुरीपा: गोठ्यापाशी आहेत, बायके. धुऊन ठेवलीत.

कालमुरात: धुऊन. ऐकतेस ना, आई? तुझ्या धाकट्या सुनेने माझी भेट धुऊन ठेवली. दारात नवी गाडी आली, ती रिकाम्या हाताने बघायची नसते म्हणून सगळ्या गल्लीसमोर कोरुम्दुक दिलं मी. लोकांनी नोटा दिल्या, मी चार चाकं दिली. ती काढलीस कधी?

नुरीपा: आज सकाळी. हिवाळाभर लावून फिरले ना. चढावर चार माणसं बसली की गाडी रडायची. पेट्रोल किती प्यायची ते तर सोडाच.

कालमुरात: इंजिनला काय कळतं खाली कुठलं चाक आहे?

नुरीपा: त्यालाच पहिल्यांदा कळतं. आपा, ती दुधाची बादली पोटाशी धरा जरा.

बुरुल: धरली.

नुरीपा: जड आहे?

बुरुल: मी रोज उचलते ती. तुला काय वाटलं?

नुरीपा: आता हात लांब करून गोल फिरवा. आणि मध्येच थांबवा.

बुरुल: दूध सांडेल गं. अगं बाई. फिरवायलाही जड आणि थांबवायला त्याहून जड.

नुरीपा: बादली तीच. वजन कडेला गेलं, एवढंच. ह्या अठराच्या चाकांचं सगळं वजन कडेला आहे.

कालमुरात: माझ्या आईला मेकॅनिक करू नकोस. वीस वर्षं मी ह्या घाटात कोळशाचा ट्रक चालवला. ट्रकची चाकं पाहिलीस का कधी?

नुरीपा: पाहिली. ट्रकचे ब्रेकही पाहिले. ह्या गाडीचे ब्रेक चहाच्या बशीएवढे आहेत.

कालमुरात: रुंद टायर वळणावर रस्ता धरतो. हे तरी मान्य कर.

नुरीपा: मान्य. कोरड्या रस्त्यावर, सपाटीला. बिश्केकमध्ये लावा, मी स्वतः फोटो काढेन. डोलोन घाटाच्या खड्ड्यांत त्या पातळ टायरमधून मार सरळ रिंगला बसतो. आणि चाक मोठं म्हणून वेगाचा काटाही खोटं बोलतो. ऐंशी दाखवतो तेव्हा गाडी नव्वदच्या वर असते.

कालमुरात: माझ्या मुलाचं लग्न आहे. नवरीची गाडी रांगेत पहिली असते. व्याही दारात उभे राहून पहिल्या गाडीकडेच बघतात. तिच्या पायात ही डबडी?

नुरीपा: नवरीकडे बघतील ना.

कालमुरात: लाव ती चाकं.

नुरीपा: नाही लावणार.

बुरुल: नुरीपा.

नुरीपा: आपा, बाकी सगळं करते. गाडी धुतली, फुलं लावली, पहाटे उठून तुमचे बोरसोक तळले. हे नाही.

कालमुरात: गाडी माझ्या भावाच्या पैशाची आहे, विसरू नकोस.

नुरीपा: आहे ना. पैसे त्याने पाठवले. घाट मी चढते.

कालमुरात: तुझ्या नवऱ्याला, तेमिरला आत्ता फोन लावतो. उद्यापासून तुझी टॅक्सी बंद.

नुरीपा: लावा. तिकडे रशियात, येकातेरिनबुर्गमध्ये बसून इथला ब्रेक कसा दाबणार, तेही विचारून घ्या.

बुरुल: तो कामावर असेल आत्ता. भांडायला संध्याकाळ पडलीय.

कालमुरात: ठीक. माझी गाडी हिच्याच साच्यातली आहे. चाकं मला लावा. मी पहिला चालेन, नवरी माझ्या गाडीत येईल. हिने शेवटी यावं, मेंढा घेऊन.

नुरीपा: मेंढा घेते. पण त्या उतारावर ती चाकं नका लावू. टोमणा नाही मारत, बायके. खरंच नका.

कालमुरात: आता तू मला घाट शिकवणार? फोनमध्ये माझं नाव तरी ठेवलंयस का?

बुरुल: नाव कसं ठेवेल? सून आहे ती. नवऱ्याहून थोरल्या सगळ्यांना ‘बायके’च म्हणायचं, त्यांचं नाव तोंडात नाही येत आपल्याकडे, तर फोनमध्ये कुठून येणार?

कालमुरात: मग काय ठेवलंयस?

नुरीपा: ‘मोठं घर’.

कालमुरात: हं. तेवढं तरी शिकवलंस, आई.

(डोलोनचा उतार, कोचकोरच्या बाजूचा. सहा गाड्या, प्रत्येकीत एक वॉकीटॉकी. सगळे एकदमच हॉर्न वाजवताहेत. बुरुल आपा शेवटच्या गाडीत, नुरीपाच्या शेजारी.)

कालमुरात: चौदा इंची, आलीस का? की मेंढा ढकलतोय?

नुरीपा: आलेय. हळू घ्या.

कालमुरात: पंचाहत्तरवर आहे मी.

नुरीपा: काट्यावर. बायके, पुढच्या चाकातून धूर येतोय. वळणावर स्पष्ट दिसला. थांबा.

कालमुरात: कुणाला म्हणतेस? इथे तू सोडून पाचही गाड्यांत बायकेच आहेत. आस्कर, तुझ्या गाडीत कोण सिगारेट ओढतंय? थांब जरा, बाई घाबरलीय.

बुरुल: तिसरी गाडी थांबली बघ. आस्करच उतरला.

नुरीपा: तुम्ही नाही हो. पहिली गाडी. बायके, पहिली गाडी.

कालमुरात: कोण? हॉर्न बंद करा रे, काही ऐकू येत नाही.

बुरुल: चौथीही थांबतेय. तो सोडून सगळे थांबतील.

नुरीपा: बायके.

बुरुल: त्याचे लाल दिवे विझतच नाहीत गं. सारखा ब्रेक दाबून आहे तो.

नुरीपा: कालमुरात.

कालमुरात: कोण बोललं?

नुरीपा: कालमुरात, मी नुरीपा बोलतेय. तुझ्या चाकातून धूर येतोय. ब्रेकवर उभा राहू नकोस. गियर खाली आण.

कालमुरात: पेडल खाली जातंय. लागत नाहीये.

नुरीपा: माहीत आहे. गियर. आणखी एक खाली. इंजिन ओरडलं तर ओरडू दे.

कालमुरात: ओरडतंय.

नुरीपा: वळणानंतर उजवीकडे रस्तेवाल्यांचा खडीचा ढीग आहे. त्यात घाल. वाचवायला जाऊ नकोस गाडीला. सरळ घाल.

बुरुल: घातली. घातली त्याने. उतरला. उभा आहे.

·

नुरीपा: पाणी ओतू नका चाकावर. तापलंय, तडकेल. आपोआप निवू दे.

कालमुरात: सगळ्या गाड्यांत ऐकू गेलं.

नुरीपा: काय?

कालमुरात: माझं नाव. सुनेच्या तोंडून. वर अरे-तुरे. कोचकोरात चहा ओतायच्या आधी हे सांगतील लोक.

नुरीपा: सांगू देत. धुराचंही सांगतील.

कालमुरात: बायके म्हणून हाक मारता येत नव्हती?

नुरीपा: मारली ना. आस्कर थांबला, त्याच्या मागचा थांबला. तुम्ही गाणं लावलंत.

कालमुरात: गाणं नव्हतं लावलं.

बुरुल: लावलं होतंस. मी ऐकलं.

कालमुरात: बरं, लावलं होतं. म्हणून काय रीत सोडायची? लोकांसमोर एवढं म्हण, चुकून गेलं तोंडातून. मी तेमिरला काही सांगणार नाही. टॅक्सी चालव खुशाल.

नुरीपा: चुकून नाही गेलं.

कालमुरात: अगं, नुसतं म्हणायचं आहे.

नुरीपा: तेच नाही म्हणणार. घरात बायके म्हणेन, चहा देताना मान खाली घालेन, फोनमध्ये ‘मोठं घर’ राहील. पण घाटात धूर दिसला तर पुन्हा नाव घेईन. वडिलांच्या नावासकट घेईन. तेमिरला आत्ताच सांगा, इथे रेंज आहे.

कालमुरात: आई, तू बोल काही. तुझ्या घरची रीत आहे.

बुरुल: तुझ्या गाडीवरची फीत सोड आणि हिच्या गाडीला बांध. नवरी हिच्या गाडीत येईल. मेंढा आस्करकडे दे.

कालमुरात: मी ते नाही विचारलं. नावाचं विचारलं.

बुरुल: तुझे आजोबा नारीन नदीत वाहून गेले तेव्हा काठावर तुझी मोठी काकू होती. वरून पाण्याचा लोंढा येताना तिला एकटीला दिसला. सासऱ्याचं नाव कसं घेणार, म्हणून तिने ‘बाबा, बाबा’ अशी हाक मारली. पात्रात त्या दिवशी घोड्यांवर बरेच म्हातारे होते. बाकीच्या सगळ्यांनी वळून पाहिलं.