सोमवारची वीस मिनिटं

(शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं डिस्पॅच ऑफिस. जेवणाची सुट्टी.)

वर्षाराणी : मग सोमवारी वीस मिनिटं आत काय चाललं होतं, आकारामकाका?

आकाराम : गाड्यांचं इचारत हुतं साहेब. माल कवा भरायचा, कुठली आधी सोडायची.

वर्षाराणी : दार लावून?

आकाराम : एसी चालू हुता की.

वर्षाराणी : केबिनचा एसी महिनाभर बंद आहे.

आकाराम : डबा उघड बघू. काय आणलंयस?

वर्षाराणी : डब्याचं राहू दे. सात वर्षं या एका टेबलावर जेवलोय आपण. सोमवारपासनं तुम्ही तिकडं स्टोअरमध्ये एकटंच जेवताय. आज मी ओढून आणलं म्हणून बसलाय.

आकाराम : पोटाचं बरं न्हाय माझ्या. तू उगं संशय घेतीस.

वर्षाराणी : प्रिंटरवर माझं पत्र पडलेलं बघितलं मी. एक तारखेपासनं कामावर येऊ नका म्हणून.

आकाराम : आजच दिलं व्हय?

वर्षाराणी : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

आकाराम : हे बघ. साहेब म्हणालं, डिस्पॅचला दोघातलं एकच माणूस ठेवायचं, तुमचं मत काय. मी तुझ्याबद्दल वाईट एक शबूद बोललो न्हाय. आईची शप्पत.

वर्षाराणी : मग चांगलं काय बोलला?

आकाराम : पोरगी लई हुशार हाय म्हटलं. कॉम्प्युटर येतोय, इंग्लिश येतंय. कुठंबी गेली तरी नोकरी मिळंल.

वर्षाराणी : आणि?

आकाराम : आनि नवऱ्याचा, संग्रामचा पगार हाय म्हटलं. घर चालंल तिचं.

वर्षाराणी : कबनूरला ते कामाला होते ती यंत्रमागाची शेड मार्चपासनं बंद आहे, काका. कुलूप लागलंय. घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललंय.

आकाराम : तू बोलली न्हाईस कवा.

वर्षाराणी : काय सांगायचं, नवरा घरात बसलाय? दुसऱ्या दिवशी अख्ख्या ऑफिसनं माझ्या डब्यात डोकावून बघितलं असतं.

आकाराम : म्या कौतुकच केलं गं तुझं.

वर्षाराणी : कौतुक केलं, का स्वतःला वाचवलं?

आकाराम : दोन्ही. खोटं कशाला बोलू? रिटायर व्हायला दोन वर्षं राह्यल्यात माझी. या वयात मला दारात कोण उभं करणार? भ्या वाटलं. तुझ्याकडं बघायची लाज वाटती आता. थांब, आत जातो, संग्रामचं सांगतो.

वर्षाराणी : बसा. सही झालीय पत्रावर.

आकाराम : तुला बोलावलं न्हवतं साहेबांनी?

वर्षाराणी : बोलावलं की. तुमच्या आधी. मलापण हेच विचारलं.

आकाराम : मग तू काय सांगितलंस?

वर्षाराणी : म्हटलं, निम्म्या पगारावर दोघांनाही ठेवा. काकांना विचारायचीपण गरज नाही, ते हो म्हणतील.