मशीनला दिसलेली तीट

पाच वाजून वीस मिनिटांनी, शनिवारी, तुम्हाला सांगते, त्या मेल्या आरशानं मला एकेचाळीस वर्षांची करून टाकलं! अहो, मला सव्वीस पूर्ण व्हायचीत अजून! इथं चेन्नईत वेलचेरीचा मॉल, त्यात कोरियन क्रीमचं नवं दुकान, अन् आमची शेजारीण शरण्या दारातूनच, "अक्का, वांगो वांगो," म्हणजे या या, "फ्री स्कॅन!" तिचा चेहरा मुळातच लोण्यासारखा, तिला काय! दुकानातली रंजनी म्हणते, "मॅडम, गोरेपणा जुना झाला, आता ग्लास स्किन!" काचेसारखा चेहरा म्हणे! अहो, चेन्नईत सकाळी आठलाच चमकतो की आमचा चेहरा, घामानं!

अन् बाटल्यांत काय, तर तांदळाचं धुवण... जे मी रोज कढीपत्त्याच्या कुंडीत ओतते! गोगलगाईचा चिकटा! गोगलगाय पोटात पाय ऐकलं होतं, ही तर गालावर पाय! "हा आरसा म्हणजे एआय मशीन आहे मॅडम." साताऱ्याकडची मी, 'ए आय' म्हटल्यावर मागं वळून बघितलं, ऊर्मी हाक मारतेय वाटलं. तर खरंच मारत होती. चार वर्षांचं पोर, "आई, मला पण!"

बसवली स्टुलावर. मशीननं टुणकन लाल गोल काढला, डाव्या गालावर. "एक काळा डाग. उपाय, सीरम." डाग कुठला हो! सकाळी मीच लावलेली काजळाची तीट! सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी हसले. अन् हसत हसत बाटली घेतली... माझ्यासाठी. रोज घरी आरशापुढं मी ते चोळायची अन् म्हणायची, "काळी ती काळीच मी." ऊर्मी शेजारी उभी असायची. काचेसारखा चेहरा म्हणे!

बुधवारी तीट लावायला गेले, तर पोरीनं गाल झाकला. "नको, मशीन हसतं." मी म्हटलं, राहिलं. दुपारी न्हाणीघरात पाणी वाजतंय, वाजतंय... बघते तर माझं सीरम अन् भांड्याची घासणी, गाल लालबुंद. "आई, निघत नाही गं."

तीट नव्हतीच हो गालावर. मग काय निघत नव्हतं?... रंग. माझा. माझ्याकडूनच आलेला.

डॉक्टरांनी मलम दिलं. आमचे हे गाडीच्या कारखान्यात, ते म्हणाले, "अगं, आमचंही डाग शोधायचं मशीन रोज चुकतं, म्हणून आम्ही चांगली गाडी घासत बसतो का?" सासूबाई फोनवर, "तीट लावली नाहीस, लागली ना दृष्ट!" कुणाची लागली सांगू सासूबाई? तीट कशाला लावायची, तर वाईट नजर तिच्यावरच अडकावी म्हणून. अन् त्या मशीनच्या डोळ्याची नजर बरोब्बर तिथंच अडकली होती! तिटेनं तिचं काम चोख केलं होतं. नजर आत शिरली ती मी हसले तेव्हा.

आता रोज सकाळी आधी माझ्या गालावर तीट, मग ती लावून घेते. बसस्टॉपवर लोक बघतात, बघू देत. काचेसारखा चेहरा म्हणे! काचेत बघून बोललेलं पोरीला ऐकू जातं, एवढं मला कळलं, पण बाटली अर्धी संपल्यावर.

तुमचं कुणी तिकडं कोरियाला असेल, नाहीतर मॉलला जाणारं असेल, तर एवढा निरोप पोचवा हो त्या मशीनला... तो डाग नाही, तीट आहे. आणि माझं वय... जाऊ द्या, एकेचाळीसच राहू द्या. बुधवारपासून तेवढंच झालंय.